एम.एस्सी. संख्याशास्त्र की एम.एस्सी. उपयोजित संख्याशास्त्र?

बी.एस्सी.ला संख्याशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्यासमोर शेवटच्या वर्षी दोन प्रकारचे अर्ज येतात: एक विद्यापीठाच्या विभागातल्या किंवा संलग्न महाविद्यालयातल्या एम.एस्सी. संख्याशास्त्राचा आणि दुसरा उपयोजित संख्याशास्त्राचा. पुण्यात पहिल्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा विभाग आहे, दुसऱ्यासाठी सिंबायोसिसची संख्याशास्त्र संस्था. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात तर दोन्ही अभ्यासक्रम एकाच विभागात चालतात. मी दुसरा मार्ग घेतला आणि नंतर नोकरीच्या निमित्ताने, औषधांच्या चाचण्यांच्या कामात, दोन्हीकडून आलेल्या सहकाऱ्यांबरोबर काम केले. त्यामुळे पुढचे विवेचन अगदी तटस्थ आहे असा माझा दावा नाही, पण पहिल्या मार्गाबद्दल मला आदर आहे आणि तो लिहिताना लपवण्याचे कारण नाही.

विषयांची यादी समोरासमोर ठेवली तर फरक वाटतो त्यापेक्षा कमी आहे. संभाव्यता, अनुमान, रिग्रेशन, बहुचल विश्लेषण, नमुना पाहणी आणि कालश्रेणी दोन्हीकडे असतात. फरक आहे तो वेळ कशावर खर्च होतो याचा. संख्याशास्त्राच्या अभ्यासक्रमात हॉर्विट्झ-थॉम्पसन आकलक (नमुन्यावरून सगळ्या गटाचा, म्हणजे समष्टीचा, अंदाज देणारे एक सूत्र) अनभिनत का आहे, म्हणजे त्याचे अंदाज सरासरीने खऱ्या आकड्याशी का जुळतात, हे फळ्यावर सिद्ध करून दाखवले जाते, आणि शिकवणारे चांगले असतील तर त्यापुढे जाऊन वि. प्र. गोडांबे यांच्यासारख्या मराठी संख्याशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये दाखवलेली गोष्टही सांगितली जाते, की सांत, म्हणजे मर्यादित, समष्टीच्या नमुना पाहणीत सर्वांत कमी विचरणाचा (ज्याचे अंदाज सर्वांत कमी विखुरतात असा) एकच रेषीय अनभिनत आकलक सर्वसाधारणपणे अस्तित्वातच नसतो. असे निष्कर्ष एकदा डोक्यात बसले की माणूस सूत्रांकडे निमूटपणे पाहत नाही. उपयोजित अभ्यासक्रमात हेच आकलक अर्ध्या तासात उरकून विद्यार्थ्याला संगणकासमोर बसवतात.

तरीही माझा निर्णय झाला तो एका अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीवरून, ती म्हणजे प्रात्यक्षिकाचे जर्नल. पदवीच्या तिन्ही वर्षांत आम्ही ते इमानेइतबारे लिहिले: उजव्या पानावर प्रयोग क्रमांक, शीर्षक, हेतू, आकडेमोड, निष्कर्ष, आणि खाली बाईंची सही. कॅल्क्युलेटर आणि कोष्टके वापरून हाताने गणित करण्यात काही वाईट आहे असे मी म्हणणार नाही, कारण त्याने सूत्र बोटांत उतरते. मला खटकत होते ते शीर्षक. वर 'मान-व्हिटनी चाचणी' (दोन स्वतंत्र गटांची तुलना करणारी) असे लिहिलेले असे आणि खाली दोन गटांचे दहा-बारा आकडे. हे आकडे त्याच रुग्णांचे उपचारापूर्वीचे आणि नंतरचे आहेत की वेगवेगळ्या रुग्णांचे, मोजणी कुणी आणि कशी केली, मुळात प्रश्न काय आहे, यातले काहीही विचारण्याची गरज पडत नसे, कारण उत्तराचा अवघड भाग शीर्षकातच देऊन टाकलेला असे. पुढे एम.एस्सी. संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम आणि वरच्या वर्गातल्या मुलांची जर्नले पाहिली, तेव्हा चाचण्यांची नावे अधिक भारदस्त झालेली दिसली, पण ती शीर्षकातच होती. आणखी दोन वर्षे हेच करण्याची माझी तयारी नव्हती. इतर विभागांत चित्र वेगळे असू शकेल, हे मला मान्य आहे.

उपयोजित अभ्यासक्रमात मला नेमके याच्या उलटे काय मिळाले, हे एका उदाहरणाने सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीची (२०१९-२१) महिलांची फाइल आम्हाला देण्यात आली आणि प्रश्न एका ओळीचा होता: महाराष्ट्रातल्या शहरी आणि ग्रामीण महिलांमधल्या रक्तक्षयाच्या प्रमाणात फरक आहे का? चाचणीचे नाव कुठेही नव्हते. देशभरातल्या ७,२४,११५ महिलांच्या नोंदी असलेली ती फाइल उघडल्यावर हिमोग्लोबिनच्या रकान्यात ११८, १०४, १२६ असे आकडे दिसले, कारण त्यात दशांश चिन्ह गृहीत धरलेले असते आणि ११८ म्हणजे ११.८ ग्रॅम. मधूनच ९९४ किंवा ९९५ असे आकडे येत. ते मोजमाप नव्हे, तर महिला घरी नव्हती किंवा तिने तपासणीला नकार दिला याचे संकेतांक. ते न काढता सरासरी घेतली तर संगणक तक्रार करत नाही, मुकाट्याने उत्तर देतो. नमुन्याचे भारांक, म्हणजे प्रत्येक नोंदीला द्यायचे वजन, दहा लाखांनी भागून घ्यावे लागतात. हे सगळे निस्तरल्यावर खरा प्रश्न पुढे आला: एका गावातून किंवा शहरी वस्तीतून २२ घरे निवडलेली असताना शेजारच्या घरांतल्या महिलांचे आहार, पाणी आणि परिस्थिती सारखीच असणार, मग त्या नोंदी परस्परांपासून स्वतंत्र मानून प्रमाणांची तुलना करणारी नेहमीची काय-वर्ग चाचणी कशी लावायची? अशा पाहणीसाठी काय-वर्ग चाचणीत करायची राव आणि स्कॉट यांची दुरुस्ती आम्हाला त्या टप्प्यावर शिकवली गेली, म्हणजे तिची गरज आमची आम्हाला कळल्यानंतर. नोकरीत आल्यावर रक्तदाबाचे दोन्ही आकडे एकाच चौकटीत आणि तारखा दोन पद्धतींनी लिहिलेल्या एक्सेल शीट पाहून मी दचकलो नाही, त्याचे श्रेय त्या फाइलला आहे.

आता या मार्गाचा दोषही सांगितला पाहिजे, आणि तो लहान नाही. उपयोजित अभ्यासक्रमांत काही विषय उद्योगातून येणारे पाहुणे अध्यापक शनिवार-रविवारी शिकवतात आणि त्यांच्या सवडीप्रमाणे विषयांचा क्रम लागतो. आमच्याकडे लॉजिस्टिक रिग्रेशन (हो-नाही स्वरूपाच्या निकालाची संभाव्यता काढण्याची पद्धत) आधी आले आणि ते ज्यावर उभे आहे त्या लाइकलीहूडची, म्हणजे हातातली माहिती एखाद्या सहगुणकाशी किती जुळते याच्या मापाची, नीट ओळख नंतर झाली. परिणाम असा, की एखाद्या लहान चाचणीत औषध घेतलेले सगळे रुग्ण बरे झाले आणि न घेतलेला एकही झाला नाही, आणि 'आर' या संगणक प्रणालीने अंदाजित संभाव्यता शून्य किंवा एक झाल्याचा इशारा दिला, तर उपयोजितचा विद्यार्थी बहुधा तो इशारा इंटरनेटवर शोधू लागतो. संख्याशास्त्राची एम.एस्सी. केलेल्या माझ्या एका सहकारी मैत्रिणीने हाच प्रसंग आला तेव्हा कागदावर चार ओळी लिहून दाखवले, की सहगुणक वाढवत नेला तर लाइकलीहूड वाढतच जाते, तिला कमाल बिंदूच नाही, म्हणून छापलेला सहगुणक आणि त्याची अवाढव्य प्रमाण त्रुटी या दोन्हींना अर्थ नाही. आणि मग अशा वेळीही सहगुणकाचा मर्यादित अंदाज देणारी फर्थची १९९३ ची पद्धत वापरावी, असे सुचवले. ती पद्धत मलाही चालवता आली असती, पण ती का चालते हे मला नंतर वेगळे बसून शिकावे लागले. असे शिकता येते, इतकेच माझे म्हणणे आहे. उलट दिशेने, म्हणजे सिद्धता येत असताना प्रश्न विचारायची सवय नंतर लावून घेणे, मला तरी अधिक अवघड जाताना दिसले आहे.

नोकऱ्यांबद्दल थोडक्यात. भारतीय सांख्यिकी सेवेच्या पात्रतेत संख्याशास्त्र आणि उपयोजित संख्याशास्त्र ही दोन्ही नावे स्पष्टपणे दिलेली आहेत, त्यामुळे तिथे अडचण नाही. मात्र त्या परीक्षेतले संख्याशास्त्राचे तिसरे आणि चौथे पेपर वर्णनात्मक असतात आणि सिद्धता लिहायचा सराव असलेल्यांना ते सोपे जातात. प्राध्यापकी करायची असेल तर सेट (राज्य पातळीवरची) किंवा नेट (राष्ट्रीय पातळीवरची) पात्रता परीक्षा लागते, आणि सीएसआयआरच्या नेटमध्ये संख्याशास्त्र गणितीय शास्त्रांच्या पेपरातच येत असल्याने तिथेही पहिल्या मार्गाचे पारडे जड आहे. पीएच.डी.चा विचार पक्का असेल तर मी कुणालाही उपयोजितकडे वळवणार नाही. शुल्काचा फरकही मोठा आहे: सरकारी विद्यापीठाच्या विभागात शिकणे खासगी संस्थेच्या मानाने फारच स्वस्त पडते, आणि कर्ज काढावे लागणार असेल तर ही बाब माझ्या जर्नलच्या तक्रारीपेक्षा नक्कीच वजनदार ठरते.

पण ज्याला आरोग्य, विमा, बँक किंवा बाजार संशोधनात काम करायचे आहे आणि ज्याला शुल्क झेपणार आहे, त्याने उपयोजितचा अर्ज आधी भरावा, असे मला वाटते. प्रवेश घेण्यापूर्वी माहितीपत्रकापेक्षा त्या विभागातल्या मुलांकडून मागच्या वर्षीची प्रात्यक्षिकाची प्रश्नपत्रिका मागून घ्यावी. प्रश्नात चाचणीचे नाव छापलेले असेल, तर अभ्यासक्रमाचे नाव उपयोजित असूनही त्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही. आणि नाव छापलेले नसेल, तर साध्या एम.एस्सी. संख्याशास्त्रालाही खुशाल प्रवेश घ्यावा.