पेल्टिअरचा तयार संच: गारव्याला पास, स्थिरतेला नापास

लेसर डायोड किंवा कॅमेऱ्याचा सेन्सर एका तापमानावर धरायचा आहे म्हटलं की नागपूरच्या सीताबर्डी बाजारात काय किंवा ऑनलाइन काय, साधारण हाच संच पुढे येतो: टीईसी१-१२७०६ पेल्टिअर (वीज दिली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होणारी चपटी वडी), पंखा लावलेलं हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा ठोकळा), डब्ल्यू१२०९ थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाला वीज चालू-बंद करणारा) आणि १२ व्होल्ट, १० अँपिअरचा एसएमपीएस (वीजपुरवठा). पाण्याची बाटली गार करायला उत्तम. नाजूक उपकरणासाठी मात्र यातला पेल्टिअर ठेवा आणि थर्मोस्टॅट काढून टाका.

थर्मोस्टॅटच्या पी१ या सेटिंगमध्ये चालू आणि बंद होण्याच्या तापमानांतला फरक ०.१ अंशापर्यंत खाली आणता येतो (कंपनीकडून तो २ वर येतो), आणि इथेच माणूस फसतो. आत रिले (विजेवर चालणारा खटका) आहे: पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद. बंद झाल्यावर पेल्टिअर नुसता उष्णतेचा पूल उरतो. १२७०६ मधून दर अंश फरकाला अर्ध्या वॉटच्या आसपास उष्णता उलटी वाहते. दोन बाजूंत ३० अंशांचा फरक असेल तर १५ वॉट. त्यात सोबतचा स्टीलच्या टोपीतला सेन्सर सुस्त, म्हणून आकडा २५.० दिसत असताना, डायोड ज्यावर बसवला त्या थंड प्लेटचं तापमान वर-खाली झोके घेतच असतं. हिरव्या डीपीएसएस लेसरमध्ये (यात एक डायोड स्फटिकाला प्रकाश पुरवतो) त्या ८०८ नॅनोमीटरच्या पंप डायोडची तरंगलांबी अंशामागे साधारण ०.३ नॅनोमीटर सरकते, त्यामुळे हे झोके थेट प्रकाशाच्या तीव्रतेत उमटतात. शिवाय रिले दर २० सेकंदांनी एकदा वाजला तर दिवसाला ४,३२० वेळा. अशा रिलेचं विजेच्या भारासह आयुष्य साधारण १ लाख वेळा धरतात. म्हणजे २३ दिवस.

त्याऐवजी दोन्ही दिशांनी प्रवाह देणारा पीआयडी कंट्रोलर (तापमानाची चूक पाहून प्रवाह हळूहळू कमी-जास्त करणारा) घ्या. तो पीडब्ल्यूएम (प्रवाह झपाझप चालू-बंद करून नियंत्रण करणारा) असेल तर पुढे कॉइल आणि कपॅसिटरचा फिल्टर हवाच. प्रवाहातली लहर (उरलेला चढउतार) १० टक्क्यांच्या आत ठेवा. फिल्टर नसला की प्रवाहाच्या वर्गाने वाढणारी उष्णता पेल्टिअरमध्येच साठते आणि गारवा कमी पडतो.

आता नागपूरचा खरा प्रश्न, गरम बाजू. १२ व्होल्टवर हा पेल्टिअर स्वतःच ५५-६० वॉट खातो. ०.५ अंश प्रति वॉटचं (दर वॉटला अर्धा अंश तापणारं) हीटसिंक असेल तर ते खोलीपेक्षा ३० अंशांनी वर जाणार. नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) बंद खोली ४२ वर असेल तर गरम बाजू ७२! तोच पेल्टिअर ३ अँपिअरवर चालवला तर तो २३ वॉटच्या आसपास घेतो आणि उपकरणाच्या ५ वॉट उष्णतेचा भार धरूनही गरम बाजू ५६ वर थांबते. म्हणजे कमी प्रवाहात काम जास्त. कंट्रोलरची प्रवाहमर्यादा ३.५ ते ४ अँपिअरला बांधाच. ती नसेल तर हीटसिंकवर धूळ बसल्यावर एक वेळ अशी येते की प्रवाह वाढवला की थंड बाजू उलट तापते, पीआयडी अजून प्रवाह ढकलतो आणि गाडी परत येत नाही.

सेट पॉइंट (राखायचं तापमान) २५ ठेवायचा मोह टाळा. कूलर लावलेल्या खोलीत ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू (ज्या तापमानाखाली हवेतली वाफ पाणी होऊन जमते) जवळजवळ २४ असतो. पावसाळ्यात कूलर बंद असूनही तेच. २५ वरची प्लेट कशीबशी वाचते, पण पेल्टिअरची थंड कड दवबिंदूखाली गेलेली असते आणि तिथे पाणी धरतं. डायोडला चालत असेल तर सेट पॉइंट ३० करा. कूलरचा झोत उपकरणावर येऊ देऊ नका, क्षारांचा पांढरा थर लेन्सवर बसतो.

जोडणीत घाई नडते. पेल्टिअर दाबाला टिकतो, पिळाला नाही. दोन्ही बाजूंचे स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आळीपाळीने आवळा. उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट पातळ लावा, जाड थर म्हणजे ब्लँकेट. कुठली बाजू थंड हे छापील अक्षरांवर न सोडता दीड व्होल्टच्या सेलवर दोन सेकंद लावून बोटानं पाहा. हीटसिंकशिवाय १२ व्होल्ट कधीच देऊ नका, आतली सोल्डर १३८ अंशांना वितळते. १० के चा (१० हजार ओहमचा) उघडा मण्यासारखा एनटीसी तापमान सेन्सर प्लेटला बारीक भोक पाडून डायोडशेजारी बसवा, पेल्टिअरजवळ नाही.

विकत घेताना साधी तपासणी: मल्टीमीटरनं पेल्टिअरचा रोध मोजा, तारा उलटून पुन्हा मोजा आणि सरासरी काढा, कारण हाताच्या उबेनंही पेल्टिअर व्होल्टेज देतो. प्रोबचा रोध वजा करून २ ओहमच्या आसपास यायला हवं. बरंच जास्त आलं तर आतला जोड तडकलेला असतो किंवा शिक्का खोटा असतो.

ट्यूनिंग, म्हणजे पीआयडीची पी, आय आणि डी ही तीन मूल्यं बसवणं: आय आणि डी शून्य करून तापमान सारखं डोलायला लागेपर्यंत पी वाढवा. तो पी गुणिले ०.४५ घ्या, आणि आयची वेळ म्हणजे डोलण्याचा कालावधी भागिले १.२. मात्र हे मे महिन्यात केलं असेल तर डिसेंबरच्या रात्री पुन्हा तपासा. तेव्हा ३० अंश राखायला पेल्टिअरला तापवावं लागतं, आणि तापवताना त्याची स्वतःची उष्णताही कामी येते, म्हणून तेवढाच पी जास्त पडतो आणि प्लेटचं तापमान डोलू लागतं.