हात की काटा-चमचा? गोंयकाराच्या ताटातून

पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात आले तेव्हा युरोपातले बहुतेक लोक स्वतःच हाताने जेवत होते, जोडीला सुरी आणि चमचा एवढंच, जेवणातला काटा म्हणजे इटलीतल्या श्रीमंतांचे नखरे, बाकी युरोपात तो घरोघरी पोचायला पुढची दोन-अडीचशे वर्षं गेली. त्यामुळे हाताने जेवणं गावंढळ वगैरे कोणी म्हटलं की मला हसूच येतं.

आता मासळीचं बघा. बांगड्याचं हुमण, म्हणजे आमचं माशाचं कालवण, काट्या-चमच्याने खाऊन दाखवाच! माशातला बारीक काटा बोटांनाच कळतो. शिवाय हुमणात कोकमाची आंबट सोलं, आणि जुन्या साध्या पोलादाच्या सुरीला आंबट लागलं की घासाला लोखंडाची चव यायची, म्हणून तर तिकडे युरोपात माशासाठी चांदीच्या वेगळ्या सुऱ्या निघाल्या. १९१३ पासून स्टेनलेस स्टील आलं नि ती कटकट मिटली, बोटांना ती कधी नव्हतीच.

बेबिंक, म्हणजे आमचा थराथरांचा गोड पदार्थ, मात्र काट्यानेच, एकेक थर सुटा करत (तुपाचे हात कोण धूत बसणार). ऑफिसच्या डब्यालाही चमचा बरा. पण शीत-कडीला, म्हणजे भात-कालवणाला, हातच, पाहुणे समोर असले तरी.