प्रागमध्ये जुनं गार्नेट म्हणून काच घेतली, 97,616 रुपये गेले

मी 26 वर्षं पतसंस्थेत सोनेतारणाच्या टेबलावर काढली आहेत. हे आधी सांगते, कारण "काकू, तुम्ही फार भोळ्या" हे आतापर्यंत चार जणांनी ऐकवलंय आणि ते खोटं आहे. पोकळ बांगड्या, लाख भरलेल्या वाट्या, तांब्यावर चढवलेला सोन्याचा पत्रा, सगळं या हातांनी पकडलंय. पण सोनेतारणात खडे म्हणजे एकूण वजनातून वजा करायची वस्तू. खडा कसला, हे आम्हाला कधी बघावंच लागलं नाही. प्रागच्या त्या विक्रेत्याने मला नेमकं तिथे गाठलं.

गेल्या ऑक्टोबरात लेकीकडे प्रागला होते. तिचा वाढदिवस जानेवारीतला, जानेवारीचं रत्न गार्नेट, आणि बोहेमियाचं, म्हणजे प्राग ज्यात येतं त्या चेक देशातल्या भागाचं, गार्नेट तर जगभर नावाजलेलं. आपण तामडा म्हणतो तो याच कुळातला, आपला गोमेदही त्यातलाच. बोहेमियातलं पायरोप जातीचं, रक्तासारखं लाल. ते चेस्के स्त्रेदोहोरी या जुन्या ज्वालामुखींच्या डोंगराळ भागात गाळ-खडीत सापडतं. म्हटलं, लेकीला तिथलीच जुनी वस्तू द्यावी.

दुकान जुन्या शहरातल्या एका गल्लीत. काचेत मखमलीवर माळ मांडलेली, 64 बारीक खडे आणि मधे लोंबणारा एक मोठा. विक्रेता साठीचा, बोलायला अतिशय मृदू. 1880च्या आसपासची माळ, म्हणाला. मग इतिहास सुरू झाला. सम्राट रुडॉल्फ दुसरा याचं रत्नांचं वेड, मग कार्लोव्ही व्हारी आणि तेप्लित्सेच्या गरम झऱ्यांवर येणाऱ्या युरोपभरच्या श्रीमंत बायका, मग म्हातारपणी जर्मन कवी गटे ज्या तरुण मुलीच्या प्रेमात पडला त्या उलरिके फॉन लेवेट्सोचा गार्नेटचा संच, जो मोस्तच्या संग्रहालयात आहे. राग याचाच येतो की हे सगळं खरं आहे. मी त्याच रात्री फोनवर पडताळून पाहिलं, खरं निघालं, आणि इतिहास खरा म्हणजे माळही खरी असं मी धरून चालले. इतिहास कोणीही पाठ करू शकतो. इतिहास ऐकून वस्तू घेऊ नका.

मी माळ उलटी करून कोंदण बघायला लागले तर तो लगेच म्हणाला, "मॅडम, हे सोनं नाही बरं का. जुने बोहेमियन दागिने बहुतेक टोंबाकचे, वर सोन्याचा मुलामा." हेही खरंच आहे, टोंबाक म्हणजे तांबं-जस्ताचा मिश्रधातू आणि जुन्या दागिन्यांत तोच भरपूर वापरलेला असतो. पण त्या एका वाक्यात त्याने माझं सगळं ज्ञान निकामी केलं. सोनंच नाही म्हटल्यावर मी तपासणार काय? उलट वाटलं, स्वतःहून सांगतोय म्हणजे माणूस प्रामाणिक आहे.

आणि मग तो क्षण. त्याने खणातून करंगळीच्या पेराएवढा लोहचुंबक काढला, माळ हातात उंच धरली आणि चुंबक मधल्या खड्याजवळ नेला. खडा हलला. अगदी स्पष्ट, चुंबकाकडे झुकला. "काच अशी हलते का?" त्याने विचारलं. गार्नेटमध्ये लोह असतं, ताकदवान चुंबकाला ते ओढलं जातं, ही तपासणी खोटी नाही. पण त्याने चुंबक 64 खड्यांपैकी एकाजवळही नेला नाही. एकाही नाही! मी समोर उभी होते, "बाकीच्यांवरही धरा" एवढंच म्हणायचं होतं. माळेचा हूकही खेकड्याच्या नांगीसारखा, आजच्या साखळ्यांना असतो तसा स्प्रिंगचा होता. विचारलं, तर "नंतर बदललाय" म्हणाला. पटलं मला. आपल्याकडेही जुन्या मोहनमाळेचा फासा बदलतातच की.

31,500 कोरुना (चेक चलन) सांगून 24,800 ला दिली. कार्डाने भरले. 93,744 रुपये, वर बँकेचा परकीय चलनाचा आकार करासकट 3,872. एकूण 97,616. त्याने छापील "प्रमाणपत्र" दिलं. ते दुकानाचंच होतं. विकणाऱ्याने स्वतःच्या मालाला दिलेल्या प्रमाणपत्राची किंमत शून्य.

नऊ दिवसांनी लेकीला सुट्टी होती म्हणून तुर्नोवला गेलो. गार्नेटकामाचं ते जुनं गाव, तिथल्या संग्रहालयात अस्सल दागिने मांडलेले आहेत. काचेसमोर उभी राहिले आणि पोटात खड्डा पडला. अस्सल खडे रोझ कटचे, म्हणजे तळ सपाट आणि वर घुमटासारखे पैलू, हाताने घासलेले, एकासारखा दुसरा नाही. कोणाचा पैलू मोठा, कोणाचा तिरका. माझ्या माळेतले 64 च्या 64 एका साच्यातून काढल्यासारखे, कारण ते साच्यातूनच काढलेले होते. तिथल्या एका सोनाराने भिंग लावून दाखवलं: पैलूंच्या कडा झिजलेल्या साबणासारख्या गोल, आणि आत गोल गोल बुडबुडे. दाबून केलेली काच. मधला खडा तेवढा खरा, पण तो पायरोप नाही, अलमंडाइन, गार्नेटचीच दुसरी जात, किंचित जांभळट. मोठे पायरोप दुर्मीळ म्हणून जुने कारागीरही मधे अलमंडाइन बसवत, त्यामुळे जाणकारालाही तो खटकला नसता. अलमंडाइन भारतातही भरपूर निघतं. म्हणजे कदाचित आपल्याकडचाच दगड मी तिथे जाऊन विकत घेतला. सगळ्या माळेची किंमत त्याने 1,500 कोरुना केली. काचेचे नकली गार्नेट तुर्नोवमध्ये 18व्या शतकापासून होतात, हेही त्यानेच सांगितलं. म्हणजे ही लबाडी विक्रेत्याच्या सांगण्यातल्या "जुन्या" माळेपेक्षाही जुनी.

प्रागला परत आल्यावर लेकीने पावती नीट वाचली. त्यावर "बिझुतेरिये" असं छापलंय. चेक भाषेत बिझुतेरिये म्हणजे नकली दागिने! नऊ दिवस ती पावती माझ्या पर्समध्ये होती. परक्या भाषेतली पावती पैसे देण्याआधी फोनवर भाषांतर करून वाचा, दुकानदार कितीही घाई करो. "गार्नेट" हा शब्द पावतीवर लिहून द्यायला तो तयार नसेल, तर तिथूनच मागे फिरा.

दुकानात गेलो तर तो मृदू माणूस नव्हता. एक मुलगी होती, तिने पावतीवर बोट ठेवलं आणि खांदे उडवले. पोलीस चौकीत सव्वादोन तास बसवलं, दुभाषा नाही म्हणून. लेकीला चेक येतं हे तीनदा सांगितल्यावर एकाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, हा ग्राहक-दुकानदारातला वाद आहे, आमचा नाही. ग्राहकांच्या खात्याकडे अर्ज केला. त्यांचं उत्तर यायला 71 दिवस लागले, आणि उत्तर काय, तर तोंडी सांगितल्याचा पुरावा नाही, पावतीत वर्णन बरोबर आहे. भारतातल्या माझ्या बँकेने तर कहर केला. तक्रार नोंदवताना पावती मागितली, आणि त्याच पावतीच्या आधारे "वस्तू वर्णनाप्रमाणेच मिळाली" म्हणून दावा फेटाळला. सोनाराचा लेखी अभिप्राय जोडला होता, तो उघडूनही पाहिला नाही. चार वेळा फोन, चार वेगळी माणसं, प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायचं. मी स्वतः 26 वर्षं काउंटरच्या पलीकडे होते. समोरच्या माणसाचा कागद न वाचता मी कधी सही केली नाही.

विक्रेता बोलत असताना फोनवर रेकॉर्डिंग करा, त्याला सांगून करा. त्यालाच नको असेल तर उत्तर मिळालं. ताकदवान चुंबक स्वतःचा न्या आणि प्रत्येक खड्यावर धरा. खडा ओठाला लावून बघा, गार्नेट गार लागतं, काच लवकर कोमट होते. आणि मुलांना कामाच्या दिवशी त्रास नको म्हणून एकटं जाऊ नका. मी तशीच एकटी गेले होते.

परतीच्या आदल्या दिवशी लेक ऑफिसातून येताना त्या गल्लीतून आली आणि फोटो पाठवला. त्याच मखमलीवर तशीच माळ, चिठ्ठीवर 31,500. मधला खडा तेवढा माझ्यापेक्षा जरा लहान होता.