वॉकर, व्हीलचेअर आणि कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं आमचं जुनं घर: दहा महिन्यांनंतर

गेल्या जूनमध्ये आई न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर घरात वॉकर आला, पाठोपाठ व्हीलचेअर. दहा महिने दोन्ही वस्तू रोज हाताळतोय. ज्यांच्या घरी अशी वेळ आलीय त्यांना कळकळीनं सांगतो, दुकानात जायच्या आधी टेप घेऊन घर मोजा. आम्ही मोजलं नव्हतं.

खुर्ची घेताना फक्त बसायची रुंदी बघितली. १८ इंच, आईला बरोबर. चाकांसकट ती २५ इंच भरते, हे घरी आणल्यावर कळलं. न्हाणीची चौकट २६ इंच आहे, पण दार उघडलं की फळीची जाडी आड येते आणि जागा साडेचोवीस उरते. अर्ध्या इंचासाठी खुर्ची अडली. शेवटी बिजागऱ्या काढून दार माळ्यावर टाकलं आणि जाड पडदा लावला. आईला त्याची सवय व्हायला महिना गेला. ती आत असली की पडद्यावर लाल टॉवेल टाकायचा, असं ठरवलं तेव्हा कुठं तिच्या मनाला बरं वाटलं.

दाराशी दोन पायऱ्या, मिळून १३ इंच. गवंड्यानं ५ फुटांचा उतार करून दिला. “मोटरसायकल चढतीय की, खुर्ची का न्हाई चढणार?” म्हणाला. पहिल्याच दिवशी आईसकट खुर्ची माझ्या अंगावर मागं आली. कशीबशी आवरली, पण आईनं दोन दिवस तिच्यात बसायचं नाव काढलं नाही. हिशेब साधा आहे: १ इंच उंचीला निदान १२ इंच उतार. म्हणजे आम्हाला १३ फूट हवे होते आणि समोर तर लगेच रस्ता. मग परसातल्या भिंतीच्या कडेनं १३ फूट काढले, वर खुर्ची थांबवून दार उघडता येईल एवढा सपाट चौक सोडला, आणि कोबा ओला असतानाच त्यावर खराटा फिरवून खरबरीत केला. पावसात चाक घसरलं नाही ते त्यामुळंच.

न्हाणीत धरायला स्टीलचा दांडा बसवला, तर जुन्या मातीच्या भिंतीत स्क्रू धरेना. मी आधी स्वतः लोंबकळून बघितलं म्हणून बरं, दांडा टाइलसकट हातात आला. आता आरपार बोल्ट आहेत, पलीकडून लोखंडी पट्टी. जुन्या घरात राहणाऱ्यांनी हे नक्की करा.

वॉकर चांगला निघाला. दुकानदारानं उंची जास्त ठेवली होती, त्यामुळं आईचे खांदे वर चढायचे आणि रात्री मान धरायची. ताठ उभं राहून हात सैल सोडले की मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. पायाचे रबरी बूट मात्र चार महिन्यांत झिजले. एका पायाचं ॲल्युमिनियम फरशीवर टक टक वाजायला लागलं, ते आईनंच ओळखलं. बूट वेगळे मिळतात, एक जोडी घरात ठेवा.

खुर्चीची चाकं भरीव रबराची आहेत. पंक्चरची भीती नाही, पण आपल्या रस्त्यांवर सगळे हादरे कमरेत जातात. चांगली गादी घ्याच. सहा महिन्यांनी ब्रेक सैल पडले, ते पान्यानं आवळले. पुढची छोटी चाकं दगडी फरशीच्या फटीत अडकतात. महाद्वारापाशी तसंच झालं. तेव्हा खुर्ची उलटी फिरवून मोठ्या चाकांवर मागं ओढत नेली आणि आईनं बाहेरूनच अंबाबाईला हात जोडले.

याच कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही दिव्यांगांसाठीची संस्था उभी केली. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. तरी आईची पेन्शन येते त्या बँकेला अजून चार पायऱ्या चढाव्या लागतात. तिथला माणूस कागद घेऊन खाली येतो, आपुलकीनं बोलतो. पण आईला आत जाऊन आपल्या हातानं पासबुक भरून घ्यायचं असतं. तीस वर्षं ती तसंच करत आलीय.

घरच्या उताराला कठडा लावायचा राहिलाय. वॉकर घेऊन ती आता एकटी परसात उतरते, त्यामुळं पाऊस यायच्या आत ते काम उरकायचंय.