36 व्होल्टचं हब मोटर किट घरच्या चॉपर सायकलवर: मोटर पास, खोक्यातलं बाकी सामान काठावर

घरी चॉपर सायकल (लांब, झोपलेला पुढचा चिमटा म्हणजे फोर्क, उंच हँडल आणि मागे रेलून बसायची सीट) बनवणारे बहुतेकजण शेवटी याच किटपाशी येतात. खोक्यात रिमवर आऱ्यांसकट बांधलेली 36 व्होल्ट 250 वॉटची गिअरवाली हब मोटर (चाकाच्या मध्यातच बसणारी), 14-15 अँपिअरचा कंट्रोलर, थ्रॉटल, ब्रेक दाबताच मोटर बंद करणाऱ्या कट-ऑफ स्विचचे दोन ब्रेक लिव्हर, पेडल फिरतंय हे ओळखणारा पेडल सेन्सर आणि मूठभर वायसर असतात. बॅटरी बहुधा वेगळी घ्यावी लागते आणि खरा खर्च तिथेच होतो. मोटर पैसे वसूल करते. बाकीचं सामान साध्या सायकलच्या मापाने बनलेलं असतं आणि चॉपरच्या लांबीला ते जागोजागी अपुरं पडतं.

आधी मोटरचं बघू. आतला रोटर चाकाच्या चार-पाचपट वेगाने फिरतो आणि नायलॉनचे गिअर तो वेग उतरवतात. आत एकमार्गी क्लच असल्याने मोटर बंद असताना पेडल जड लागत नाही. आवाज कमी, वजन दोन-तीन किलो. घेताना वॉटपेक्षा आरपीएम (मिनिटाला फेरे) विचारा, कारण एकच मोटर 20 इंची रिममध्येही बांधून मिळते आणि 26 इंचीमध्येही. ताशी 25 किलोमीटरसाठी 26 इंची चाक मिनिटाला साधारण 200 फेरे घेतं, 20 इंचीला मात्र 270 लागतात. माहितीपत्रकावरचा आरपीएम बिनभाराचा असतो; माणूस बसला की त्यातले पंधरा-वीस टक्के गेले असं धरा. म्हणजे 26 इंचीला 250 आरपीएमची मोटर पुरते, 20 इंचीला 320च्या आसपासची हवी.

चॉपरवाल्यांना मागे बुटकं, जाड 20 इंची चाक आवडतं. त्यात 250 आरपीएमची मोटर बसवली तर टॉप स्पीड 18-19वर अडकतो आणि दुकानदारावर खापर फुटतं. खरं तर जड चॉपरला हीच जोडी बरी. चढावर ओढ जास्त मिळते आणि मोटर कमी तापते. उलट 320ची मोटर 26 इंची चाकात कधीच घेऊ नका: सपाटीवर 25च्या पुढे पळेल आणि पहिल्या लांब चढाला गिअर वितळायच्या बेताला येतील.

चढाचा हिशेब साधा आहे. माणूस 75 किलो, सायकल 40 किलो, रस्ता पाच टक्के चढाचा, वेग ताशी 15. चाकावर 300 वॉटच्या आसपास ताकद लागते. कंट्रोलर क्षणभर 36 गुणिले 15 म्हणजे 540 वॉट ओढू देतो, पण त्यातले बरेच उष्णतेत जातात आणि सलग चालवायला मोटर 250 वॉटचीच आहे. साध्या सायकलवर इथे माणूस सीटवरून उठून पेडल मारतो. चॉपरवर पाय पुढे आणि पाठ मागे, उठायची सोयच नाही. त्यामुळे नाशिकच्या गंगापूर रोडला मजेत फिरणारी सायकल पांडवलेणीच्या पायथ्याकडे वळली की धापा टाकते. थांबलेल्या स्थितीतून चढावर थ्रॉटल पूर्ण पिळणं हा नायलॉन गिअर खाण्याचा हमखास मार्ग. आधी पायाने ढकला, मग पिळा.

किट पुढच्या चाकाचंही मिळतं आणि बसवायला सोपं म्हणून खपतं. चॉपरला ते घेऊ नका. बसणारा मागे असल्याने पुढच्या चाकावर वजन कमी, म्हणून वाळूत किंवा ओल्या डांबरावर चाक जागच्या जागी फिरतं. शिवाय लांब चिमट्याच्या टोकाला मोटरचं वजन आणि आसाचा पीळ दोन्ही येतात. साध्या रोडस्टरचा (जुन्या पद्धतीच्या सायकलचा) हेड अँगल, म्हणजे स्टिअरिंगच्या नळीचा जमिनीशी कोन, 68 अंशांच्या आसपास असतो आणि ट्रेल, म्हणजे स्टिअरिंगची रेषा जमिनीला टेकते तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर, सहा-सात सेंटिमीटर. तोच चिमटा 50 अंशांवर झोपवला की ट्रेल 20 सेंटिमीटरच्या घरात जातो. सरळ रस्त्यावर सायकल रुळावर असल्यासारखी पळते, पण हळू वळताना हँडल आपोआप एका बाजूला कोसळतं. त्यात पुढे मोटर म्हणजे आगीत तेल. पहिल्याच चॉपरला 58-60 अंशांच्या खाली जाऊ नये. चिमट्याला एक इंची, निदान 1.6 मिमी जाडीची नळी घ्या, 2 मिमी असेल तर उत्तम. आणि वर-खाली दोन प्लेटांमध्ये पकडल्याशिवाय लांबवू नका. एकाच क्राउनवर (चिमट्याचे दोन पाय वर जोडणाऱ्या भागावर) लांबवलेला चिमटा बरोबर क्राउनखालीच वाकतो.

मागची मोटर बसवताना खरी कसोटी लागते. तिला 135 मिमी रुंद गाळा (फ्रेममधली चाक बसायची जागा) हवा. जुन्या रोडस्टरचा गाळा 110 ते 120 मिमीचा. पान्याने ताणून बसवणारे आहेत. ताणलं की दोन्ही ड्रॉपआउट (आस बसायच्या खाचेच्या पट्ट्या) तिरके होतात आणि आस एका कडेवर टेकतो. चॉपरचा मागचा त्रिकोण नव्याने बनवायचाच असतो, तेव्हा थेट 135वर बनवावा. सातपूर-अंबडच्या एखाद्या लेझर कटिंगवाल्याकडून 6 मिमी एमएस (साध्या पोलादाच्या) प्लेटचे दोन ड्रॉपआउट कापून घ्या, खाच बरोबर 10 मिमी. आस 12 मिमीचा असला तरी दोन बाजूंनी 10 मिमीवर चपटा केलेला असतो आणि तो चपटेपणाच त्याला फिरू देत नाही. खाच 10.5 झाली तर आस प्रत्येक धक्क्याला थोडा थोडा हलतो, कडा झिजवतो आणि एक दिवस गर्रकन फिरून आसातून येणारी सगळी वायर पिळून तोडतो. किटबरोबरचे दातेरी वायसर यावर पुरेसे नाहीत. त्याच प्लेटचा टॉर्क आर्म (आस फिरू न देणारी पट्टी) दोन्ही बाजूंना लावा, नट सुमारे 40 न्यूटन-मीटरने आवळा आणि पहिल्या 50 किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

टाके मारताना चाक जागेवर ठेवून वेल्डिंग करू नका. करंट बेअरिंगमधून जातो, उष्णता हॉल सेन्सरपर्यंत (रोटर कुठे आहे हे कंट्रोलरला सांगणाऱ्या भागापर्यंत) पोचते आणि मोटर बाहेरून नवी दिसत असूनही अडखळायला लागते. 12 मिमी रॉडवर 135 मिमीची नळी घालून तोच जिग (माप धरून ठेवणारा साचा) म्हणून वापरा.

आरे हा किटचा सगळ्यात कच्चा भाग. कारखान्यातून रिम सरळ दिसते, पण ताण एकसारखा नसतो. शे-सव्वाशे किलोमीटरमध्ये काही आरे सैल पडतात आणि मागे वजन जास्त असल्याने चॉपरवर ते लवकर तुटतात. बसवण्याआधीच सायकलवाल्याकडून आउट (चाकाचा वाकडेपणा) काढून ताण सारखा करून घ्या.

आता लांबी. मोटरची वायर आणि तिचा नऊ पिनांचा कनेक्टर साध्या सायकलच्या मापाचे. कंट्रोलर सीटखाली आणि बॅटरी पुढे टाकीच्या आकाराच्या खोक्यात, अशी मांडणी चॉपरवर छान दिसते, पण चुकीची आहे. बॅटरी ते कंट्रोलर वायर लांबली की कंट्रोलरच्या कपॅसिटरवर ताण येतो. कंट्रोलर बॅटरीशेजारी ठेवा आणि लांबवायचीच असेल तर मोटरची वायर लांबवा: तीन जाड फेज वायर 2.5 चौरस मिमीच्या, पाच बारीक हॉल वायर 0.5च्या. रंगाला रंग जोडा. एक हॉल वायर उलटी गेली की मोटर थरथरते, फिरत नाही. उंच हँडलसाठी खोक्यातल्या ब्रेक वायरी अपुऱ्याच पडतात. टू-व्हीलरच्या स्पेअरवाल्याकडून मापाने बनवून घ्या. सळईचे ब्रेक असलेली रोडस्टर आधाराला घेतली असेल तर ते ब्रेक विसरा, किटच्या लिव्हरला आणि रिमला ते जुळत नाहीत.

पेडल सेन्सरचंही तसंच. चुंबकाची चकती चौकोनी टोकाच्या आसासाठी असते. जुन्या रोडस्टरच्या कॉटर पिनवाल्या क्रँकवर (पेडलच्या दांडीवर) ती बसत नाही. बॉटम ब्रॅकेट (क्रँकचा आस आणि त्याचं बेअरिंग) बदलावा लागतो आणि तो बदलाच. चेनही दोन लागतील: मागचा भाग 30 सेंटिमीटरने लांबवला तर 47-48 कड्या वाढतात. एवढी लांब चेन मधे लोंबते, म्हणून एक टेन्शनर चाकही धरा.

बॅटरी 10 सेलांच्या मालिकेची, 36 व्होल्ट 10 अँपिअर-तास, म्हणजे 360 वॉट-तास. पूर्ण चार्जला 42 व्होल्ट. नुसत्या थ्रॉटलवर चॉपर किलोमीटरला 12 ते 15 वॉट-तास खाते, म्हणून 24 ते 30 किलोमीटर. त्र्यंबकेश्वर नाशिकहून 28 किलोमीटर आहे, तेही चढाकडे जाणारं. पेडल न मारता पोचण्याच्या भरवशावर निघू नका. बीएमएस (बॅटरीतलं संरक्षक सर्किट) 20 अँपिअरपेक्षा कमीचा असेल तर पिकअपला बॅटरी मधेच बंद पडेल आणि दोष मोटरला लागेल.

पावसाळ्यासाठी कंट्रोलरचं वायरींचं तोंड खाली ठेवा. मोटरची वायरही आसातून निघाल्यावर आधी खाली झोल घेऊन मगच वर न्या, नाहीतर पाणी वायरवरून ओघळत थेट आत जातं.

कायद्याबाबत दुकानात अर्धवट सांगतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतली नोंदणीची सूट 0.25 किलोवॉटपेक्षा कमी ताकद, ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेग आणि बॅटरी सोडून 60 किलोपर्यंत वजन यांच्याशी बांधलेली आहे, शिवाय पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेच्या मंजुरीशीही. मोटरवर 250 वॉट छापलंय एवढ्याने घरी बनवलेली सायकल आपोआप त्यात बसत नाही. पेट्रोलच्या ‘80 सीसी’ किटचा तर प्रश्नच नाही: 47 मिमी बोअर आणि 38 मिमी स्ट्रोकचं ते इंजिन प्रत्यक्षात 66 सीसीचं आहे आणि मोटार वाहन कायद्याची सूट 25 सीसीपर्यंतच.