धुळ्यात जुन्या ट्यूब, थर्मामीटर, पारद (पाऱ्याच्या) टिकड्या घेणारं दुकान, माझा अनुभव

जळलेल्या ट्यूब, बंद पडलेले सीएफएल बल्ब, पाऱ्याचं थर्मामीटर असलं काही घरात पडलं असेल आणि कुठे द्यायचं कळत नसेल तर हे वाचा. देवपूर भागात एक इलेक्ट्रिकलचं दुकान आहे, तिथे हे सगळं घेतात, साठवतात आणि अधिकृत रिसायकलरची गाडी आली की तिच्यात भरून देतात. दुकानाचं नाव टाकत नाहीये कारण दुकानवाल्या भाऊंनीच सांगितलं, ताई मागची खोली छोटी आहे, एकदम गर्दी झाली तर माल ठेवू कुठे, कोणी विचारलं तर सांगा पण नाव लिहू नका. बरोबर आहे त्यांचं. पण काम कसं करतात ते लिहायलाच पाहिजे असं वाटलं, कारण शिरपूर, साक्री, दोंडाईचा, चोपडा कुठल्याही गावातल्या दुकानवाल्याला हे जमण्यासारखं आहे.

माझ्याकडे सामान जास्त होतं. मामा गावाकडे डॉक्टरकी करायचे, त्यांचं घर रिकामं करायला घेतलं तर माळ्यावर ट्यूबचे रॉड, सीएफएलची पिशवी, कपाटात थर्मामीटरच्या डब्या आणि दवाखान्यातलं ते जुनं उभं बीपीचं मशीन. भंगारवाल्याला रॉड नको असतात, काचेला भाव नाही, तो फक्त दोन टोकांच्या ॲल्युमिनियमच्या टोप्या काढायला बघतो आणि काच तिथेच फोडतो, म्हणजे आतला पारा बाहेर. म्हणून त्याला द्यायचंच नव्हतं.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न, तो पण अहिराणीत, "ताई, फुटेल शे का आख्खं शे?" म्हणजे फुटलेलं आहे की आख्खं आहे. मला ही गोष्ट सगळ्यात आवडली. कारण ट्यूब आख्खी आहे तोवर पारा आत बंद आहे, फुटली की वाफ बाहेर आणि आतली ती पांढरी पावडर हाताला. आख्खे रॉड ते पुठ्ठ्याच्या लांब खोक्यात उभे ठेवतात, सीएफएल वेगळ्या डब्यात एकावर एक दाबून न भरता, आणि फुटलेलं असेल तर झाकणाच्या बरणीत बंद करून आणलं तरच घेतात. खोली मागच्या बाजूला, उन्ह येत नाही, खिडकी आहे, एक्झॉस्ट फॅन चालू असतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ४४-४५ डिग्री होतं, आणि पाऱ्याची वाफ १० डिग्री तापमान वाढलं की साधारण दुप्पट व्हायला लागते, म्हणून अशी पेटी फुटपाथवर उन्हात ठेवणं बरोबर नाही, हे त्यांना कोणी न सांगता समजलेलं आहे. पैसे घेत नाहीत, देत पण नाहीत.

आता एक गोष्ट जी बऱ्याच जणांच्या डोक्यात उलटी असते. लोक सीएफएलला घाबरतात आणि थर्मामीटर पोरांच्या हातात देतात. एका सीएफएलमध्ये पारा किती, तर जास्तीत जास्त ५ मिलिग्रॅमच्या आसपास, चांगल्या कंपनीच्या नव्या बल्बात त्याहून कमी. तापाच्या थर्मामीटरमध्ये अर्धा ते एक ग्रॅम. म्हणजे एक थर्मामीटर फुटलं तर शे-दोनशे सीएफएल फुटल्यासारखं झालं. आणि ते उभं बीपीचं मशीन, त्यात शंभर ग्रॅमच्या आसपास पारा असतो! दवाखान्यांतून ती मशीनं निघाली, डिजिटल आली, पण जुनी कुठे गेली, तर डॉक्टरांच्या, नर्सबाईंच्या, रिटायर लोकांच्या घरी गेली. म्हणून घरातलं काय आधी बाहेर काढायचं असेल तर बल्ब नाही, बीपी मशीन आणि थर्मामीटर. भाऊंनी माझं बीपी मशीन लगेच घेतलं नाही, आधी गाडीवाल्याला फोन करून विचारलं, मग सांगितलं की आडवं करू नका, नळीचा नॉब बंद करा, जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उभं आणा. मला हे पटलं, ज्याला माहिती नाही तो हो हो म्हणून कोपऱ्यात टाकून देतो.

आणि आता पारद टिकडी. हे मला तिथेच लक्षात आलं, कारण त्यांच्या काउंटरवर एका काचेच्या बरणीत त्या काळपट-राखाडी टिकड्या ठेवलेल्या होत्या. आपल्या खान्देशात वर्षाचा गहू, दादर (ज्वारी), डाळी उन्हाळ्यात वाळवून कोठीत भरतात, आणि कित्येक घरांत त्यात पाऱ्याच्या टिकड्या कापडात बांधून टाकतात, किराणा दुकानात मिळतात, आई टाकायची म्हणून आपण टाकतो. पाऱ्याची वाफ किड्यांची अंडी मारते म्हणूनच ते चालतं. म्हणजे बंद कोठीत, वर्षभर, आपण खाणार त्या धान्यात आपणच पाऱ्याची वाफ सोडतोय. मी उभी होते तेव्हा एक म्हाताऱ्या आजी ट्यूब द्यायला आल्या होत्या, भाऊंनी त्यांना टिकड्यांचं समजावलं तर त्या एकदम घाबरल्या, "मंग आते काय करू माय?" भाऊंनी शांतपणे सांगितलं की आजी घाबरू नका, टिकड्या मोजून बाहेर काढा, एकही धान्यात राहून दळायला जायला नको, औषधाच्या रिकाम्या बाटलीत बुच लावून इकडे आणून द्या, आणि कोठीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला, धान्य कडक उन्हात नीट वाळवा. मला विचाराल तर अख्ख्या दुकानातलं सगळ्यात मोलाचं काम त्या बरणीत आहे. ट्यूब लोक कधी ना कधी टाकतातच, टिकडी कोणाला धोका वाटतच नाही.

देवघरातल्या पारद शिवलिंगाचा विषय पण निघाला. ते शिवलिंग भाऊ घेत नाहीत, श्रद्धेचा विषय आहे म्हणून हात लावत नाहीत, तेही ठीक. मी एवढंच म्हणेन की त्याच्यावरून गेलेलं पाणी तीर्थ म्हणून पिऊ नका, लहान मुलांना तर अजिबात देऊ नका.

घरी काही फुटलं तर काय करायचं ते त्यांनी सांगितलेलं आणि मी नंतर वाचलेलं दोन्ही मिळून लिहिते. पंखा, कूलर बंद करा म्हणजे वाफ घरभर फिरणार नाही, खिडक्या-दारं उघडा, पोरांना आणि मांजराला बाहेर काढा, पंधरा-वीस मिनिटं थांबा. झाडू नाही मारायचा, त्याने पाऱ्याचे मणी आणखी बारीक होऊन फरशीच्या फटीत जातात, व्हॅक्यूम क्लीनर तर नाहीच नाही. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी मणी एकत्र लोटायचे, बारीक राहिलेले चिकटपट्टीने उचलायचे, सगळं बरणीत बंद. मोरीत, संडासात धुऊन टाकायचं नाही. आणि बायकांनो, हात लावण्याआधी अंगठी, पाटल्या, बांगड्या काढून ठेवा. पारा सोन्याला लगेच धरतो आणि सोनं पांढरं पडतं. मग तो दागिना सराफाकडे नेला आणि न सांगता त्याने भट्टीत तापवला तर ती वाफ थेट त्या कारागिराच्या नाकात. आपल्याकडे जळगावच्या सोन्याचं एवढं कौतुक, तेव्हा हे प्रत्येक घरात माहीत पाहिजे. असं झालंच तर सराफाला आधी स्पष्ट सांगा.

गाडीतून पुढे काय होतं हे मी खोदून विचारलं, कारण गोळा करून शेवटी उकिरड्यावरच जात असेल तर अर्थ काय. ट्यूब बंद मशीनमध्ये फोडतात, आतली हवा सतत ओढून घेतात आणि कार्बनच्या फिल्टरमधून सोडतात, त्यामुळे वाफ बाहेर पडत नाही. काच वेगळी, ॲल्युमिनियमच्या टोप्या वेगळ्या, पांढरी पावडर वेगळी. मग ती पावडर भट्टीत तापवतात, पारा ३५७ डिग्रीला उकळतो, त्याची वाफ थंड केली की परत पातळ पारा हातात येतो. भाऊंनी मला गाडीवाल्याची वजनाची पावती दाखवली, तारीख, किलो, सही. रिसायकलर अधिकृत आहे का ते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत बघता येतं, तुमच्या गावात कोणी असं गोळा करत असेल तर ही पावती मागाच.

आता जे आवडलं नाही ते. काय घेतात, काय नाही, याची पाटी कुठेच नाही, सगळं तोंडी. माझ्यासमोर एक मुलगा फुटलेले सीएफएल पेपरात गुंडाळून आला, त्याला बरणीत आणा म्हणून परत पाठवलं, आता तो परत येणार आहे का, रस्त्यात कुठेतरी टाकूनच घरी जाणार. नियम बरोबर आहे पण मग दोन-चार रिकाम्या बरण्या दुकानात ठेवा ना, लोणच्याच्या बरण्या लोक फुकट आणून देतील, मीच देते म्हटलं. दुसरं म्हणजे घ्यायची वेळ फक्त सकाळची, नोकरीवाल्याला जमत नाही. तिसरं, मालाला हात लावणारा कामावरचा पोरगा हातमोजे घालत नाही. हे मी भाऊंना तोंडावर सांगितलं आणि त्यांनी ऐकून घेतलं, पण रोज खोलीत जाणारा तो आहे, त्याला सगळ्यात जास्त धोका आहे, हे आधी व्हायला पाहिजे होतं. बटण सेल पण घेतात, घड्याळातले, खेळण्यातले, काहींत थोडा पारा असतो, पण ते उघड्या वाटीत काउंटरवर ठेवलेत, लहान पोरगं तोंडात घालेल, ते झाकणात ठेवा.

खरं तर हे काम एका दुकानवाल्याच्या भलेपणावर चालायला नको. २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांतच सीएफएल, ट्यूब, फुटकं थर्मामीटर, बॅटऱ्या यांना घरगुती घातक कचरा म्हटलं होतं, ओला-सुका सोडून तिसऱ्या वेगळ्या डब्यात ठेवा म्हटलं होतं, आणि शहरात दर २० चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र हवं असंही लिहिलं होतं. ट्यूब बनवणाऱ्या कंपन्यांवर ई-कचऱ्याच्या नियमात परत घेण्याची जबाबदारी आहेच. आणि माल आता वाढणार आहे. भारताने पाऱ्यावरचा मिनामाता करार २०१८ मध्ये मान्य केला, २०२३ ला जिनिव्हात ठरलं की फ्लोरोसंट ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद. म्हणजे प्रत्येक घर, शाळा, पतपेढी, जिनिंग जुन्या ट्यूब काढून एलईडी लावणार. एलईडीत पारा नसतो, चांगलंच आहे, पण काढलेल्या ट्यूब उकिरड्यावर जाऊन कचऱ्याबरोबर जळाल्या तर तो पारा हवेत, मग पाण्यात, पांझरेतून तापीत, आणि माशांत साठत जातो. जपानमधल्या ज्या मिनामाता गावाचं नाव कराराला दिलंय तिथे कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांत गेला, मासे खाऊन माणसांचे हातपाय वाकडे झाले, पोटातल्या बाळांपर्यंत पोचला. १९५६ मध्ये ते उघडकीला आलं.

माझ्याकडून पाचपैकी चार. पोराला हातमोजे आणि दुकानाला पाटी मिळाली की पाच. धुळ्यातले असाल तर मला विचारा, पत्ता सांगते. जाताना रॉड नव्या ट्यूबच्या खोक्यात घालून न्या, मोटरसायकलवर आडवे धरून नेऊ नका, आणि पाच-दहापेक्षा जास्त असतील तर आधी फोन करा, गाडी येऊन गेल्यावर खोली रिकामी असते तेव्हा सगळं एकदम घेतात.