सीएंची देणगी-नियोजन सेवा: फी कुठे वसूल होते, कुठे नाही

बरेच सीए आता रिटर्नसोबत देणगीचं नियोजनही करून देतात. वर्षाला लाखाच्या घरात देणाऱ्यांनी ही सेवा जरूर घ्यावी, पण मार्चअखेरच्या धांदलीत नव्हे, डिसेंबरातच बसावं.

चांगला सल्लागार आधी करप्रणाली विचारतो. नव्या प्रणालीत देणगीवरची, म्हणजे आयकर कायद्याच्या कलम 80जीची, वजावट मिळतच नाही, आणि 2023-24 पासून तीच आपोआप लागू होते. पगारदाराला दरवर्षी निवड बदलता येते, धंदा-व्यवसाय असलेल्याला नाही. निव्वळ देणगीसाठी जुनी प्रणाली धरणं बहुतेकांना परवडत नाही, हे तोंडावर सांगणारा सीए सोडू नका.

फी खरी वसूल होते ती आकडेमोडीत. बहुतेक खासगी संस्थांना दिलेल्या देणगीवर 50 टक्के वजावट मिळते. तीसुद्धा 80सीसारख्या (पीपीएफ, विमा वगैरे) वजावटी काढून उरलेल्या उत्पन्नाच्या 10 टक्क्यांपर्यंतच्या देणगीवर. समजा उत्पन्न 12 लाख आणि 80सीचे दीड लाख. उरले साडेदहा, मर्यादा 1,05,000. दोन लाख मार्चमध्ये एकदम दिले तर वजावट 52,500. तेच एक लाख मार्चमध्ये आणि एक लाख एप्रिलमध्ये दिले, तर (उत्पन्न तेवढंच राहिल्यास) दोन वर्षांत मिळून पूर्ण एक लाख. संस्थेच्या हाती रक्कम तेवढीच. मुख्यमंत्री सहायता निधीला मात्र ही मर्यादा नाही, तिथे 100 टक्के.

कागदपत्रांत घोळ ठरलेले. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी म्हणजे 80जी नव्हे. 80जीची मान्यताही मुदतीची असते, म्हणून ती देणगीच्या तारखेला चालू आहे का, हे आयकर पोर्टलवर पाहून घ्यायचं काम सीएचं. 2,000 रुपयांवरची रोख देणगी बाद, धान्य-कपडेही बाद. संस्थेने 31 मेपर्यंत फॉर्म 10बीडी (आयकर खात्याला द्यायचा देणग्यांचा तपशील) भरला नाही किंवा तुमचा पॅन चुकवला, तर देणगीदाराला मिळणारं 10बीई प्रमाणपत्र अडतं आणि साधी पावती हातात असूनही दावा लटकतो. जूनमध्ये संस्थेचा पाठपुरावा करण्याचं काम फीमध्ये धरलंय का, हे आधीच ठरवा.

अनेक सल्लागार कमी पडतात ते परदेशातल्या देणगीदारांच्या बाबतीत. मुलगा अमेरिकेत असला तरी पासपोर्ट भारतीय असेल, तर स्वतःच्या कमाईतून गावच्या शाळेला दिलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर ठरतात, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असूनही. मग संस्थेला एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी नियमन कायद्याखालची, नोंदणी हवी, आणि रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवी. हा फरक ज्याला विचारल्याबरोबर सांगता येत नाही, त्याला हे काम देऊ नये.

फी ठरावीक असावी. संस्थेकडून कमिशन घेणाऱ्याला टाळा. आणि मोठ्या रकमेची पावती देऊन फरक रोखीत परत करण्याची ‘सोय’ कुणी सुचवली तर तिथूनच उठा. ती करचोरी आहे, आणि नोटीस तुमच्या पॅनवर येते.